आधी नाव, मग फोड

एप्रिल-मे महिन्यांत दादर, गिरगाव किंवा लालबागच्या बाजारात हापूस आंब्याची पेटी विकली जाते, तेव्हा तिचा भाव फळ चाखण्याच्या बऱ्याच आधी ठरलेला असतो. ‘देवगड की रत्नागिरी?’ हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, विक्रेता त्याला एका गावाच्या नावाने उत्तर देतो, गिऱ्हाईक एखादे फळ उचलून देठाजवळ हुंगून पाहते, आणि त्यानंतर, विक्रेत्याच्या मनात आलेच तर, एक आंबा कापून त्याची फोड पुढे केली जाते. ती फोड जिभेवर पडते तेव्हा तिच्याविषयीचे बरेचसे मत तयार झालेले असते. व्यवहाराचा हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु चवीच्या अभ्यासाच्या दृष्टीने सगळा प्रश्न या क्रमातच आहे. नाव आधी कळले आणि चव नंतर घेतली, तर जी चव लागते ती फळाची किती आणि नावाची किती?

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर शोध घेतला गेला तो वाइनच्या संदर्भात, आणि त्याची कारणे उघड आहेत. वाइनच्या दोन बाटल्यांतील द्रवात फरक थोडा असला तरी किमतीत शंभरपटीचा फरक पडू शकतो. केवळ चाखून मत देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा पारख्यांचा एक मोठा वर्ग तेथे आहे. आणि या पारख्यांनी आपली मते दशकानुदशके लिहून ठेवलेली असल्यामुळे ती तपासताही येतात. अपेक्षा चवीला कशी वळवते हे पाहायचे असेल, तर जो चवीत मुरलेला आहे त्याच्यावरच प्रयोग करणे सर्वांत उद्बोधक ठरते, कारण नवख्या माणसाची चूक अज्ञानाच्या खाती टाकता येते, पारख्याची तशी टाकता येत नाही.

या प्रयोगांकडे वळण्यापूर्वी ‘चव’ म्हणजे काय हे पाहणे आवश्यक आहे. जिभेला स्वतःच्या बळावर कळणाऱ्या मूळ चवी मोजक्या आहेत: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शात किंवा पिकलेल्या टोमॅटोत जाणवणारी भरीव चव, जी जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे ओळखली. तिखटपणा या यादीत बसत नाही, कारण मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य चवीच्या कळ्यांना चेतवत नाही, ते उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. हापूस हा पायरीपेक्षा वेगळा का लागतो, किंवा एक वाइन दुसरीपेक्षा वेगळी का लागते, याचे उत्तर मुख्यतः गंधात आहे. घास तोंडात फिरत असताना त्यातील उडून जाणारी द्रव्ये घशामागच्या वाटेने नाकाच्या पोकळीत चढतात. या मागच्या वाटेने येणाऱ्या गंधाला पश्चनासिका गंध म्हणतात, आणि मेंदू तो गंध नाकात न ठेवता तोंडात लागल्यासारखा दाखवतो. नाक चिमटीत धरून आंब्याची फोड खाल्ली तर फक्त गोड-आंबट काहीतरी मऊ लागते, आणि चिमटी सोडताच हापूस ‘येतो’.

येथेच अपेक्षेला शिरकाव मिळतो. गोडी किंवा खारटपणा यांचे संकेत तुलनेने ठाम असतात, परंतु गंधाचे संकेत गुंतागुंतीचे, एकमेकांत मिसळलेले आणि क्षणोक्षणी बदलणारे असतात. अशा संदिग्ध संकेताचा अर्थ लावताना मेंदू कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. डोळ्यांनी पाहिलेला रंग, कानांनी ऐकलेले नाव, मोजलेले पैसे आणि पूर्वीचा अनुभव यांवरून तो आधीच एक अंदाज बांधतो आणि आलेला संकेत त्या अंदाजाशी जुळवून पाहतो. संकेत जितका अस्पष्ट, तितका अंतिम अनुभवातील अंदाजाचा वाटा मोठा. अंदाज आणि संकेत वेगवेगळे जाणवत नाहीत. त्यांचे मिश्रणच चव म्हणून जाणिवेत येते, आणि म्हणूनच चाखणाऱ्याला आपल्या चवीत नाव किती आणि पदार्थ किती हे आत डोकावून सांगता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रोझ मेरी पँगबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील आद्य प्रयोगांपैकी एक आहे. त्यांनी एकाच कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या, पांढऱ्या वाइनला खाण्याचे रंग घालून निरनिराळ्या वाइनचे रूप दिले आणि त्यांतील गोडी किती हे विचारले. अनुभवी पारख्यांना गुलाबी रंगाचा नमुना सर्वांत गोड लागला. ज्यांना वाइनचा फारसा अनुभव नव्हता त्यांच्यावर मात्र रंगाचा असा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो, परंतु त्यात या साऱ्या विषयाचे मर्म आहे. गुलाबी रंगाची रोझे वाइन बहुधा किंचित गोडसर असते हे पारख्याला अनुभवाने ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्यामुळेच त्याच्या जिभेला नसलेली गोडी लागली. नवख्याच्या मनात गुलाबी रंगाशी जोडलेली कोणतीच गोडी नव्हती, म्हणून रंगाला त्याच्या जिभेवर पकड मिळाली नाही.

याहून प्रसिद्ध प्रयोग बोर्दो विद्यापीठातला. जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी आधी नामवंत समीक्षकांची लिखित परीक्षणे तपासली आणि त्यांत एक विलक्षण नियम आढळला: लाल वाइनच्या गंधाचे वर्णन करताना समीक्षक बहुतेक लाल किंवा गडद रंगाच्या वस्तूंची नावे घेतात, जसे चेरी, रासबेरी, काळे मनुके, तंबाखू, आणि पांढऱ्या वाइनच्या बाबतीत मध, लिंबू, लोणी, पिवळी फळे अशी फिकट रंगाची नावे. गंधाला तर रंग नसतो. मग त्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक लाल आणि एक पांढरी वाइन देऊन त्यांच्याकडून गंधांच्या शब्दांची यादी करून घेतली, आणि काही दिवसांनी तीच पांढरी वाइन दोन पेल्यांतून दिली, एकात जशीच्या तशी आणि दुसऱ्यात गंधहीन लाल रंग घालून. रंगवलेल्या पांढऱ्या वाइनला विद्यार्थ्यांनी लाल वाइनचे शब्द लावले.

हा प्रयोग पुढे ‘जगातले सर्वश्रेष्ठ वाइनतज्ज्ञ पांढऱ्या वाइनला लाल समजले’ अशा रूपात जगभर सांगितला गेला, आणि ते रूप चुकीचे आहे. प्रयोगातील व्यक्ती पदवीच्या वाटेवरचे विद्यार्थी होत्या, नाणावलेले पारखी नव्हत्या. त्यांना ‘ही वाइन कोणती?’ असा प्रश्न विचारलेलाच नव्हता, ‘दोहोंपैकी कोणत्या पेल्यात हा गंध अधिक जाणवतो?’ असे विचारले होते; आणि एक पेला लाल दिसत असताना चेरीचा गंध त्याच्याकडे झुकवणे हे त्या परिस्थितीत फारसे अस्वाभाविक नव्हते. प्रयोगाचे मोल यामुळे कमी होत नाही, परंतु तज्ज्ञांची थट्टा करण्यासाठी त्याचा जो वापर होतो त्याला आधार उरत नाही. खऱ्या अनुभवी पारख्यांचा निर्वाळा दोन वर्षांनी न्यूझीलंडमधून आला. वेंडी पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली शार्दने या पांढऱ्या वाइनला लाल रंग देऊन ती एकदा पारदर्शक आणि एकदा अपारदर्शक पेल्यातून हुंगायला दिली. रंग दिसत असताना पारख्यांची वर्णने लाल वाइनकडे ढळली आणि रंग झाकल्यावर ती पुन्हा बरीचशी ताळ्यावर आली. त्यांच्या नाकात तीच द्रव्ये दोन्ही वेळा गेली होती.

पारख्याचे ज्ञान म्हणजे तरी काय? ऑस्ट्रेलियात ह्यूसन आणि बोक्स यांनी २००२ साली दाखवले की वाइनची वर्णने लक्षात ठेवण्यात तज्ज्ञ नवख्यांपेक्षा सरस ठरतात, पण ती वर्णने एखाद्या खऱ्या वाइनप्रकाराला शोभणारी असतील तरच. तेच शब्द सरमिसळ करून दिले की तज्ज्ञांचे वर्चस्व ओसरते. बुद्धिबळपटूंच्या स्मरणशक्तीविषयी पूर्वी असेच आढळले होते. तज्ज्ञाची जीभ मुळातून अधिक तीक्ष्ण असते असे नव्हे; त्याच्याकडे ‘अमुक असेल तर तमुक असणार’ अशा सांगडींचा प्रचंड साठा असतो. हा साठा नेहमीच्या जगात त्याला वेगाने आणि बिनचूक वाट दाखवतो, कारण नेहमीच्या जगात लाल वाइन लालच असते. प्रयोगकर्ता मुद्दाम असे जग उभे करतो की ज्यात रंग खोटे बोलतो, आणि तेथे तोच साठा त्याला चुकीच्या दिशेने नेतो. अपेक्षा ही तज्ज्ञतेला जडलेली व्याधी मानणे म्हणूनच बरोबर नाही, कारण तज्ज्ञता मुख्यतः अपेक्षांचीच बनलेली असते.

रंगाची ही सत्ता समजून घेण्यासाठी मुंबईकराला बोर्दोपर्यंत जाण्याची गरज नाही. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्याच्या आरंभी वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी गर्दी होते, मिरच्या निवडल्या जातात, भाजल्या जातात आणि डंकावर कुटल्या जातात. तेथे येणारी जाणती गृहिणी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची रंगासाठी घेते आणि तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी तिच्यात मिसळते. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातून येणारी ब्याडगी गर्द लाल रंग देते, परंतु तिच्यात कॅप्सायसिन कमी असते. रंग देणारे द्रव्य आणि तिखट करणारे द्रव्य ही दोन निराळी रसायने आहेत आणि त्यांचे प्रमाण एकमेकांवर अवलंबून नसते. तरीही ताटात गर्द लाल रस्सा आला की पाहणारा तिखटाच्या तयारीने पहिला घास घेतो. मसाला करणाऱ्या बायकांनी रंग आणि तिखट यांची ही फारकत पिढ्यान्‌पिढ्या हाताळली आहे, आणि पँगबोर्न यांनी प्रयोगशाळेत जे केले त्याचा व्यवहारी अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसता.

रंगानंतर किंमत. हिल्के प्लासमन, अँटोनियो रँगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० व्यक्तींना मेंदूचे चित्रण करणाऱ्या चुंबकीय यंत्रात झोपवून नळीवाटे कॅबर्ने सोव्हिन्यो वाइनचे घोट दिले. त्यांना सांगितले गेले की वाइन पाच आहेत आणि त्यांच्या किमती ५, १०, ३५, ४५ आणि ९० डॉलर आहेत; प्रत्यक्षात वाइन तीनच होत्या आणि त्यांपैकी दोन दोनदा, निराळ्या किमती सांगून, दिल्या होत्या. एकच वाइन ९० डॉलरची म्हणून दिली असता १० डॉलरची म्हणून दिल्यापेक्षा अधिक आवडली. याहून महत्त्वाचे म्हणजे, डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूच्या ज्या भागात सुखदतेची नोंद होते असे मानले जाते, त्या भागातील हालचालही चढ्या किमतीबरोबर वाढली, तर चवीची प्राथमिक माहिती जेथे पोचते त्या भागात तसा फरक आढळला नाही. त्या व्यक्ती शिष्टाचार म्हणून महागड्या वाइनची स्तुती करत होत्या असे म्हणायला यामुळे जागा राहत नाही; जिभेचा निरोप तोच असताना त्यांना मिळालेले सुख खरोखरच अधिक होते.

मुंबईत या निष्कर्षाला एक खास वळण मिळते. भारतात परदेशी वाइनवर दीर्घकाळ एकूण १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, शिवाय राज्याचे कर आणि वितरणाचा खर्च वेगळा. दक्षिण मुंबईतील एखाद्या उपाहारगृहाच्या मेनूवर फ्रेंच वाइनपुढे जो आकडा छापलेला असतो, त्यातील मोठा हिस्सा द्राक्षांचा किंवा पिंपांचा नसून सरकारी तिजोरीचा असतो. परंतु मेंदू आकडा फोडून वाचत नाही; तो त्याला गुणवत्तेची खूण समजतो. महाराष्ट्राच्या वाइनला या खुणेशी झुंजावे लागले आहे. नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळ वाइनचा कारखाना उभा केला, राजीव सामंत यांच्या सुला या कंपनीने नाशिकमध्ये शतकाच्या वळणावर पहिली वाइन काढली, आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तरी ‘देशी’ आणि ‘स्वस्त’ ही दोन विशेषणे ऐकून उचललेला पेला पहिल्या घोटाआधीच उणा झालेला असतो. कॅलिफोर्नियाची वाइनही एके काळी याच अवस्थेत होती. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांकडून नावे झाकून चाखणी करवली, आणि लाल व पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाइन पहिल्या आल्या. लेबल दिसत असते तर त्याच परीक्षकांनी तोच निकाल दिला असता, असे मानणे कठीण आहे.

किंमत झाकल्यावर काय उरते, याचे उत्तर सर्वांसाठी सारखे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक चाखण्यांच्या एका अमेरिकी विश्लेषणात असे दिसले की किंमत माहीत नसताना सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडते, तर वाइनचे शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत महाग वाइन अधिक आवडण्याकडे कल असतो. म्हणजे शिक्षणाने मिळालेली पारख ही निव्वळ लेबलवाचन नाही. लेबल नसतानाही तिच्यातले काहीतरी शिल्लक राहते. मात्र ती पारख स्थिरही नाही. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्यजत्रेच्या स्पर्धेत अनेक वर्षे परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन, त्यांना न सांगता, तीनदा दिली; सुमारे एकदशांश परीक्षकच तिन्ही वेळा जवळपास एकसारखे गुण देऊ शकले. ज्या निर्णयात अशी डळमळ मूळचीच आहे, त्याला नावाचा किंवा किमतीचा आधार मिळाला की तो झटकन त्या बाजूला कलणार हे ओघानेच आले.

आता क्रमाचा प्रश्न, जो आंब्याच्या फोडीपाशी उपस्थित झाला होता. लिओनार्ड ली, शेन फ्रेडरिक आणि डॅन अरिएली यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे, म्हणजे द्राक्षरसापासून केलेल्या गडद सिरक्याचे, काही थेंब टाकले. काहींना त्याविषयी काहीच सांगितले नाही, काहींना पिण्याआधी सांगितले आणि काहींना प्यायल्यानंतर लगेच, पण मत देण्याआधी, सांगितले. ज्यांना काही माहीत नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळांना सिरक्याची बिअर चांगलीच आवडली. ज्यांना आधी कळले त्यांची पसंती बरीच घसरली. ज्यांना नंतर कळले त्यांची मात्र फारशी घसरली नाही. माहिती तीच, द्रव तोच, फक्त क्रम वेगळा. नावाने केवळ मत बदलले असते तर ते आधी कळले काय नि नंतर कळले काय, परिणाम सारखाच दिसायला हवा होता. परंतु घोट घेण्याआधी आलेली माहिती घोटाच्या अनुभवातच मिसळते, तर घोटानंतर आलेल्या माहितीला तयार झालेला अनुभव पुन्हा उसवता येत नाही.

अपेक्षेची ओढ अमर्याद नसते. पदार्थ आणि अंदाज यांत अंतर थोडे असेल तर चव अंदाजाकडे सरकते. अंतर फार असेल तर ती उलट दिशेला उसळते. इंग्लंडमधील मार्टिन येओमन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली धुरी दिलेल्या सामन माशाचे गोठवलेले मिश्रण लोकांना दिले: ‘आइस्क्रीम’ म्हणून दिले तेव्हा ते नकोसे आणि अधिक खारट लागले, ‘गोठवलेला नमकीन पदार्थ’ म्हणून दिले तेव्हा तेच चालून गेले. देवगडच्या नावाने आणलेल्या पेटीतील आंबा आंबट निघाला की तो बिननावाच्या आंबट आंब्यापेक्षा जास्त चीड का आणतो, याचे कारण येथे सापडते.

हापूसच्या बाबतीत नावामागे काही तथ्य आहे की नाही, हा प्रश्न मग टाळता येत नाही. तथ्य आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधद्रव्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. कच्च्या फळात प्रामुख्याने टर्पीन वर्गातील द्रव्ये असतात आणि फळ पिकू लागले की त्यांत लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या, गोडसर, पक्व फळाचा वास देणाऱ्या वर्गांची भर पडते. निरनिराळ्या ठिकाणच्या हापूसची तुलना केल्यावर, जात एकच असूनही या द्रव्यांच्या प्रमाणात स्थानानुसार फरक पडतो असेही दिसून आले आहे. कातळाची जमीन, समुद्राचा वारा, फळ काढण्याचा दिवस आणि अढीतील गवतात ते किती दिवस राहिले या सर्वांचा त्यात वाटा असतो. तेव्हा देवगड, रत्नागिरी आणि कर्नाटक यांच्या हापूसमध्ये फरक असू शकतो. पण मुंबईत एका फोडीवरून तो फरक ओळखण्याचा जो विश्वास अनेक जण बाळगतात, त्याला रसायनशास्त्राचा हा पुरावा पुरेसा नाही. द्रव्यांत फरक असणे आणि तो नाव ऐकल्याशिवाय जिभेला कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमानी कुटुंबांना या विषयात एक वेगळे स्थान आहे. गावाकडच्या कलमांचे आंबे दर वर्षी, पूर्वी बोटीने आणि पुढे एसटीने व कोकण रेल्वेने, ज्या घरी येत राहिले, त्या घरातील माणसांची हापूसविषयीची अपेक्षा जाहिरातीतून आलेली नसते. ती शेकडो फळांच्या अनुभवातून साठत गेलेली असते, आणि वाइनच्या पारख्याकडे जो सांगडींचा साठा असतो तोच येथे साल, देठ, वास आणि गर यांच्या रूपाने असतो. गावच्या आंब्याची चव ‘मनाचीच’ असते असे म्हणून ती उडवून लावणे हा अन्याय होईल, कारण आठवण हा चवीच्या अनुभवाचा खराखुरा घटक आहे, गोडीइतकाच. बाजाराला या माणसांच्या पारखीचा फायदा मात्र एका मर्यादेपर्यंतच मिळतो: डोळ्यांना आणि नाकाला जे कळते ते त्यांना कळते, आणि साका, म्हणजे गरात पडणारा पांढुरका, स्पंजासारखा डाग, कोणालाच बाहेरून दिसत नाही.

फसवणूक नेमकी या अपेक्षेच्या जागी बसते. कर्नाटकातून येणारा हापूस वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याच जातीचा आहे आणि स्वतःच्या नावाने विकला गेला तर त्यात गैर काहीच नाही; परंतु त्याचा भाव कमी असल्यामुळे तो देवगडच्या खोक्यात भरून विकण्याचे प्रकार होत आले आहेत. फळाला सर्वत्र सारखा पिवळा रंग यावा म्हणून कॅल्शियम कार्बाइड वापरण्याची जी पद्धत होती, तिला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई केलेली आहे, आणि तिचाही आधार हाच होता की पिवळी साल पाहून गिऱ्हाईक गोडीची अपेक्षा करते, आत गर कच्चा असला तरी. ‘गिऱ्हाइकाला देवगडची चव लागली ना, मग त्याचे नुकसान काय झाले?’ असा युक्तिवाद कोणी करू शकेल, आणि मेंदूच्या चित्रणाचे प्रयोग त्याच्या मदतीलाही आणू शकेल. तो मान्य करण्याजोगा नाही. गिऱ्हाइकाला मिळालेले ते समाधान देवगडच्या बागायतदाराने अनेक वर्षांत कमावलेल्या पतीतून आले होते आणि त्याची किंमत त्याला मिळाली नाही. शिवाय प्रत्येक निकृष्ट पेटी त्या नावाशी जोडलेली पुढची अपेक्षा थोडी खाली आणते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव विशिष्ट प्रदेशातील उत्पादकांनीच वापरावे अशी कायदेशीर तरतूद. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून त्यापुढे जाऊन, प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांक असलेले स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. ही व्यवस्था फळाच्या उगमाची ग्वाही देते, चवीची देत नाही. ती आवश्यक ठरली याचाच अर्थ असा की ओळख पटवण्याचे काम जिभेवर सोपवता येत नाही हे बागायतदारांनी ओळखले आहे, आणि यात जिभेचा कोणताही अपमान नाही.

वाइनच्या जगात पारख्यांनी नाव झाकण्याचा अडथळा स्वतःच्या परीक्षेत घालून घेतला आहे. मास्टर ऑफ वाइन ही पदवी, जी २०१६ साली मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी भारतीयांत प्रथम मिळवली, तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बारा-बारा वाइनच्या तीन प्रश्नपत्रिका असतात आणि छत्तीसच्या छत्तीस पेल्यांवर केवळ क्रमांक असतात. द्राक्षाची जात, प्रदेश आणि दर्जा हे सारे पेल्यातील पुराव्यावरून मांडावे लागते. त्यातही उमेदवार अपेक्षेशिवाय चाखत नाही. नाव नसताना रंग, आम्लता आणि गंध यांवरून तो अंदाज बांधतो, पण तो अंदाज त्याला पुढच्या घोटाने तपासावा लागतो.

घरी हापूसवर असा प्रयोग करायचा असेल तर त्यासाठी त्रिकोणी चाचणी ही साधी पद्धत आहे. एका व्यक्तीने दोन ठिकाणच्या आंब्यांच्या तीन फोडी कापाव्यात, दोन एका ठिकाणच्या आणि एक दुसऱ्या ठिकाणची, आणि डोळे मिटून बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने त्यांतली वेगळी फोड कोणती ते सांगावे. गावाचे नाव कोणी उच्चारू नये, आणि फोडींचा क्रम प्रत्येक वेळी बदलावा. निव्वळ अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा बरोबर आले यावरून काहीच ठरत नाही. सलग पाच वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र २४३ मध्ये एक इतकी कमी होते. पाचही वेळा वेगळी फोड ओळखता आली तर त्या जिभेला फरक कळतो असे म्हणायला हरकत नाही, आणि तो फरक गावाचा आहे की पिकण्याच्या दिवसांचा, हे पाहण्यासाठी मग दोन्हीकडची फळे एकाच दिवशी काढलेली आणि एकाच अढीत पिकवलेली घ्यावी लागतात.